देऊळ फिरलं, त्याच्या आधीचं वाक्य

गोष्टी लिहिणाऱ्या माणसाकडून माहिती लिहून घेऊ नये. घेतलीच, तर त्याच्या शेजारी एखादा जुना शाळामास्तर बसवावा. हे मी अनुभवानं सांगतो आहे.

काही वर्षांपूर्वी औंढा नागनाथची चार-सहा मंडळी माझ्या घरी आली होती. बाहेरगावच्या भाविकांच्या हातात द्यायला त्यांना चार पानांची एक पुस्तिका हवी होती. देवळाचा इतिहास, शिल्पं, नामदेवांची कथा, आजूबाजूची ठिकाणं, एवढाच मजकूर. "तुम्ही काय, लेखक माणूस. एका बैठकीत होऊन जाईल," असं ते म्हणाले. मलाही तसंच वाटलं. तीस वर्षं कथा लिहितो आहे, चार पानांचं ते काय! चहा संपायच्या आत मी होकार देऊन टाकला. त्या चार पानांना मला अकरा महिने लागले. आणि एवढं करून जे छापलं गेलं, त्यात एक वाक्य नव्हतं. ते नसलेलं वाक्य मला अजून टोचतं. आज त्याच्याबद्दलच बोलायचं आहे.

पहिला मसुदा मी खरोखरच एका बैठकीत लिहिला. डोंगरांच्या कुशीत विसावलेलं गाव, गगनचुंबी शिखर, अनादी काळापासून घुमणारा घंटानाद, चौदा वर्षांच्या वनवासात पांडवांच्या हातून घडलेलं शिवालय, असं सगळं त्यात होतं. वाचून माझं मलाच बरं वाटलं. त्या मंडळींत एक निवृत्त गुरुजी होते. त्यांनी कागद घरी नेले आणि दोन दिवसांनी परत आणून दिले. समासात शिसपेन्सिलीनं बारीक अक्षरात प्रश्न लिहिले होते. 'गगनचुंबी' खाली रेघ आणि पुढे, "किती फूट?" 'अनादी काळापासून' खाली रेघ, "म्हणजे कधीपासून?" वनवासाच्या वाक्याशेजारी तर त्यांनी फुलीच मारली होती.

"अहो, चौदा वर्षं रामाची," गुरुजी म्हणाले. "पांडवांची बारा आणि वर एक अज्ञातवासाचं. तेरा."

मी ओशाळलो. मला हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण वनवास म्हटलं की हातातून चौदा उतरतात, तसे उतरले. वाक्याला ठेका होता, आणि ठेक्यानं आकडा स्वतःच ठरवून टाकला. गोष्ट लिहिणाऱ्याची खोड इथेच असते. तो खोटं बोलत नाही, तो वाक्याचं ऐकतो.

मग मी देवळाकडे नव्यानं पाहायला लागलो. आजवर शेकडो वेळा गेलेलो, पण वही-पेन्सिल घेऊन कधी गेलो नव्हतो. डोळ्यांना जे दिसतं ते आधी लिहायचं ठरवलं. खालचं बांधकाम घडीव दगडांचं आहे. बाहेरच्या भिंतींवर देवदेवतांची, हत्तींची शिल्पं आहेत. वरचा भाग आणि शिखर मात्र खालच्याशी जुळत नाही. ते नंतरचं, वेगळ्या पद्धतीचं आणि वेगळ्या सामानाचं काम आहे, हे शिल्पशास्त्र न शिकलेल्या माणसालाही कळतं. गाभारा जमिनीच्या पोटात आहे. अरुंद वाटेनं, वाकून, एकेकानं खाली उतरावं लागतं. एवढं लिहून झालं तेव्हा पान अर्धंही भरलं नव्हतं, आणि त्यात एकही वाक्य असं नव्हतं की जे वाचून कोणी "वा!" म्हणेल.

पुढचा प्रश्न होता, हे बांधलं कोणी? लोक सांगतात, मूळ देऊळ धर्मराजानं बांधलं. ते सात मजली होतं, औरंगजेबाच्या काळात पाडलं गेलं, आणि पुढे अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केला. अभ्यासक आजचं दगडी बांधकाम यादवांच्या काळातलं, साधारण तेराव्या शतकातलं मानतात. मी लिहिलं, "हे हेमाडपंती मंदिर आहे." गुरुजींची पेन्सिल पुन्हा थांबली.

"हेमाडपंतानं बांधलं का?"

तसं नव्हतं. हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या काळातला मोठा अधिकारी. पण ज्याला आपण हेमाडपंती म्हणतो, त्या पद्धतीची देवळं त्याच्या आधीही बांधली जात होती आणि नंतरही. चुन्याशिवाय दगडावर दगड बसवलेलं जुनं देऊळ दिसलं, की महाराष्ट्र त्याला हेमाडपंती म्हणतो. म्हणजे जो शब्द मी वस्तुस्थिती म्हणून लिहीत होतो, तोच मुळात एक छोटीशी गोष्ट होता.

ज्योतिर्लिंगाचंही तसंच. बारा ज्योतिर्लिंगांतलं नागेश दारुकावनात आहे, असं स्तोत्रात म्हटलं आहे. ते दारुकावन म्हणजे औंढा, ही आपली श्रद्धा. गुजरातेत द्वारकेजवळच्या नागेश्वराचीही तीच श्रद्धा आहे, आणि उत्तराखंडात अल्मोड्याकडच्या जागेश्वरचीही. कथाकार म्हणून मी यातली दोन ठिकाणं खुशाल गाळली असती. माहिती लिहिणाऱ्याला गाळता येत नाहीत. आणि तिन्ही लिहिली तर औंढ्याची मंडळी म्हणणार, "लेखक आपला की त्यांचा?"

शेवटी गुरुजींनी मला एक साधी युक्ती शिकवली. ते म्हणाले, "क्रियापदं नीट वापरा. जे डोळ्यांनी दिसतं तिथं 'आहे'. अभ्यासकांनी पुराव्यावरून काढलं असेल तिथं 'असावं'. श्रद्धेचं असेल तिथं 'मानतात'. आणि ऐकीव असेल तिथं 'सांगतात'. चारांची सरमिसळ केली नाही, की कोणाचा अपमान होत नाही आणि कोणाची फसवणूकही होत नाही." शाळेत क्रियापदं मीही शिकलो होतो. पण तीस वर्षं मी ती लयीसाठी वापरली, खरेपणा मोजायला कधी वापरली नव्हती.

मग मला वाटायला लागलं, की ही अडचण माझी एकट्याची नसावी. मराठीत आधी कोणी यातून गेलं असेल ना? आणि उत्तर तर आपल्या भाषेच्या अगदी उंबरठ्यावरच आहे. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ ही कल्पित कथा नाही, ते पुराण नाही की स्तोत्रही नाही. ते लीळाचरित्र आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून ते सिद्ध केलं. म्हाइंभट शास्त्र शिकलेले पंडित होते. अलंकारांनी मढवलेलं एखादं संस्कृत चरित्र लिहिणं त्यांना अवघड नव्हतं. पण नागदेवाचार्यांच्या त्या परंपरेत आग्रह मराठीचा होता. संस्कृतात लिहिलं तर आपल्या म्हाताऱ्या बायाबापड्यांच्या ते उपयोगी पडणार नाही, हा नागदेवाचार्यांचा विचार स्मृतिस्थळात नोंदलेला आहे.

म्हाइंभटांनी केलं ते असं. ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं, ऐकलं होतं, त्यांच्याकडे ते गेले, विचारलं, आणि लिहून घेतलं. स्वामी कुठे उतरले, काय जेवले, कोणाला काय म्हणाले, कोण रुसलं, कोण हसलं. वाक्यं आखूड. उपमांची आरास नाही. सांगणाऱ्याच्या तोंडचे शब्द शक्य तितके तसेच. ईश्वराचा अवतार मानलेल्या पुरुषाचं चरित्र लिहिताना हात किती शिवशिवला असेल याची कल्पना करा. प्रत्येक पानावर चमत्कार फुलवायला जागा होती. पण तिथे बऱ्याचदा आपल्याला भेटते ती एखादी साधी सकाळ, एखादं साधं बोलणं. म्हणूनच सातशे वर्षांनंतर त्या काळची माणसं कशी राहत होती हे शोधायला अभ्यासक त्याच ग्रंथाकडे जातात.

यातली मला सगळ्यात भावलेली गोष्ट पुढची आहे. मूळ पोथी पुढच्या धामधुमीत नाहीशी झाली, आणि शिष्यांनी आपापल्या स्मरणातून ती पुन्हा उभी केली. तेव्हा एकाची आठवण दुसऱ्याशी जुळेना. अशा वेळी आपण काय केलं असतं? जी आठवण जास्त सुंदर, ती ठेवली असती. महानुभावांनी वेगवेगळे पाठ जपले, आणि ते सांगणाऱ्यांच्या नावानिशी जपले. त्यात हिराइसा या स्त्रीच्या नावाचाही पाठ आहे. एकाला असं आठवतं, दुसऱ्याला तसं आठवतं. दोन्ही लिहून ठेवू, निवाडा वाचणारा करील. मतभेद झाकायचा नाही, ही शिस्त आपल्याकडे बाहेरून आलेली नाही. ती या मातीतली आहे. याच परंपरेतल्या स्थानपोथीत तर स्वामी जिथे जिथे राहिले त्या जागांची आणि देवळांची नोंद आहे, कुठल्या देवळाचं दार कुठल्या दिशेला आहे तेसुद्धा. श्रद्धेनं लिहिलेलं, पण दिशा मोजून.

दाराच्या दिशेवरून आपण आता औंढ्याला परत येऊ. कारण औंढ्याच्या देवळाची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट दिशेचीच आहे.

ती गोष्ट लहान मुलालाही पाठ असते. नामदेव देवळासमोर कीर्तन करत होते. पुजाऱ्यांनी हरकत घेतली. नामदेव मागच्या बाजूला जाऊन गाऊ लागले, आणि देऊळच गरकन फिरून त्यांच्या समोर आलं. म्हणून इथे नंदी समोर नाही, मागे आहे, असं भाविक एकमेकांना दाखवतात. नामदेव आपल्याच मुलखातले. हिंगोलीजवळची नरसी हे त्यांचं जन्मगाव मानतात. त्यांचे गुरू विसोबा खेचर त्यांना भेटले तेही औंढ्याच्याच देवळात, अशी कथा आहे. विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजले होते. नामदेवांनी हटकलं, तेव्हा ते म्हणाले, जिथे देव नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव.

पुस्तिकेतला हा भाग मी सगळ्यात हौसेनं लिहिला. देऊळ फिरतं तो क्षण मी अर्धं पान रंगवला होता. दगडांची थरथर, टाळांचा नाद, पुजाऱ्यांचे विस्फारलेले डोळे. गुरुजींनी या खेपेला पेन्सिल लावलीच नाही. नुसतं विचारलं, "ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली कोणी?"

मला वाटत होतं, कुठल्यातरी उत्तरकालीन संतचरित्रकारानं सांगितली असेल. शोधत गेलो आणि भलत्याच ठिकाणी पोचलो. नामदेव उत्तरेत गेले, पंजाबात राहिले. गुरुदासपूर जिल्ह्यातलं घुमान त्यांच्या वास्तव्याशी जोडलेलं आहे. तिथे २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं ते अनेकांना आठवत असेल. शिखांच्या पाचव्या गुरूंनी, गुरू अर्जुनदेवांनी, १६०४ मध्ये आदिग्रंथ सिद्ध केला. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांच्या नावावर ६१ पदं आहेत. देऊळ फिरल्याची हकिगत त्यातल्या पदांत आहे, आणि ती नामदेवांच्या स्वतःच्या तोंडची म्हणून आहे.

ती पदं मी हळूहळू, अर्थ लावत वाचली. एका पदात नामदेव सांगतात, की मी हसत खेळत देवळात आलो, भक्ती करत होतो, आणि मला धरून उठवलं. माझी जात हीन, मग देवा, मला छीप्याच्या जन्माला का घातलंस? छीपा म्हणजे कापडावर छपाई करणारा. इकडचा शिंपी तिकडे छीपा झाला. मग घोंगडी उचलून ते देवळाच्या मागे जाऊन बसतात, आणि देऊळ भक्ताकडे फिरतं. दुसऱ्या पदात तर आणखी उघड बोललं आहे. मला शूद्र शूद्र म्हणत मारून उठवलं, आता मी काय करू, असं ते देवाला विचारतात. आणि शेवटी देवळाची पाठ पंड्यांकडे होते.

मंडळी, मी त्या पदांसमोर बराच वेळ बसून राहिलो. माझ्या अर्ध्या पानाच्या वर्णनात थरथर होती, नाद होता, विस्फारलेले डोळे होते. मारून उठवलेला माणूस मात्र नव्हता. होती ती "पुजाऱ्यांची हरकत". नामदेवांच्या पदात चमत्कार एका ओळीत उरकला आहे. आधीचं, साधं, घडलेलं मात्र तपशिलानं सांगितलं आहे. हाताला धरून उठवलं. जात काढली. मारलं. घोंगडी उचलली. मागे जाऊन बसलो. नामदेव केवढे मोठे कवी, शब्द त्यांच्याकडे काय कमी होते? पण अपमानाची गोष्ट सांगताना त्यांनी अलंकार बाजूला ठेवले. पुढच्या काळात आम्ही कथा सांगणाऱ्यांनी चमत्काराची ओळ उचलली आणि मोठी केली. खालच्या ओळी हळूच सोडून दिल्या.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. त्या पदांत औंढ्याचं नाव नाही. देऊळ कुठलं, ते सांगितलेलं नाही. औंढा हे नाव परंपरेनं जोडलेलं आहे. हे मी गुरुजींना जरा भीत भीतच सांगितलं. गावाचा अभिमानाचा विषय, वाईट वाटेल त्यांना. पण ते म्हणाले, "मग तसंच लिहा. परंपरा मानते, असं. परंपरेनं आपलं गाव निवडलं, हेही काही कमी नाही."

याच सुमारास मला आपल्याच जिल्ह्यातल्या आणखी एका माणसाची आठवण झाली. नरहर कुरुंदकर. १५ जुलै १९३२ रोजी नांदापूरला त्यांचा जन्म झाला. गाव वसमत तालुक्यातलं कुरुंदा, आणि कर्मभूमी नांदेड. ही दोन्ही गावं आज हिंगोली जिल्ह्यात आहेत. हा जिल्हाच मुळी १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. रणजित देसाईंची 'श्रीमान योगी' १९६८ मध्ये आली, तिच्या तोंडाशी कुरुंदकरांची भलीमोठी प्रस्तावना आहे. मूळ कादंबरीइतकीच ती गाजली. कादंबरीकारापुढे शिवाजी महाराजांचं आयुष्य उभं आहे, घराघरांत सांगितलेल्या कथांनी लगडलेलं. आणि हा नांदेडचा प्राध्यापक त्याला एकेक प्रश्न काढून दाखवतो आहे. पुरावा कशाला आहे, कशाला नाही, आणि लेखकाला आपल्या जबाबदारीवर निवड कुठे करावी लागणार आहे. कल्पना करू नका, असं कुरुंदकरांचं म्हणणं नव्हतं. ते स्वतः ललित साहित्याचे मोठे रसिक आणि मर्मज्ञ समीक्षक होते. पण आपण कुठे कल्पना करतो आहोत याचं भान लेखकानं सोडू नये, हा धडा मी त्या प्रस्तावनेतून घेतला. देसाईंचंही मोठेपण असं, की आपल्याच कादंबरीच्या दारात त्यांनी हा प्रश्न विचारणारा माणूस उभा केला आणि मग वाचकाला आत बोलावलं.

आता माझ्या त्या वाक्याकडे येतो.

सगळं वाचून झाल्यावर मी पुस्तिकेत लिहिलं, "देवळात भजन करत असताना नामदेवांना जातीवरून मारून उठवण्यात आलं." गुरुजींनी ते वाचलं. म्हणाले, "'उठवण्यात आलं' म्हणजे कोणी उठवलं? वारा आला होता का?" मी हसलो, पण त्यांचं बरोबर होतं. कर्त्याला लपवायला मराठीत कर्मणी प्रयोगाइतकी सोयीची जागा नाही. सरकारी पत्रात "कळविण्यात येते" असतं, तसंच हे. मी दुरुस्त केलं, "पंड्यांनी उठवलं." पद तेच म्हणतं.

मग छपाईच्या आधी सगळी मंडळी पुन्हा बसली. वाचन झालं. उंचीवर, वनवासावर, हेमाडपंतावर कोणी काही बोललं नाही. या वाक्याशी सगळे थांबले. कोणी रागावलं नाही. उलट फार सौम्यपणे समजावलं. "इतकी जुनी गोष्ट, आता कशाला? भाविक लांबून येतो, प्रसन्न मनानं जाऊ द्या. चमत्कार आहेच की. त्यातून काय ते समजतंच." कोणीतरी पर्यायी वाक्यही सुचवलं: "नामदेव महाराज देवळाच्या मागे कीर्तनास बसले." गुरुजी एकटेच म्हणाले, "हे वाक्य खोटं नाही. पण ते खरंही नाही."

आणि मी? माझ्या कथेतला एक शब्द बदलला म्हणून संपादकांशी महिनोन्‌महिने अबोला धरणारा मी, त्या दिवशी मान डोलावली. मला वाटलं, आपली थोडीच कथा आहे ही? नुसती माहिती तर आहे. त्यात लेखकाचं काय जातं? ते वाक्य गेलं. पुस्तिका छापली. कागद चांगला होता, मुखपृष्ठावर शिखराचा रंगीत फोटो होता.

पुढच्या महाशिवरात्रीला मी औंढ्याला गेलो होतो. दर्शनाची रांग लांबच लांब. माझ्या पुढे एक आजी आणि तिचा दहा-बारा वर्षांचा नातू होता. पोराच्या हातात ती पुस्तिका. रांग सरकत नव्हती म्हणून तो मोठ्यानं वाचत होता. त्या वाक्याशी आला आणि थांबला.

"आजी, नामदेव महाराज मागं का बसले?"

आजीनं क्षणभर विचार केला. म्हणाली, "पुढं गर्दी असंल बाबा. आजच्यासारखी."

पोराचं समाधान झालं. तो पुढचं वाचायला लागला. मी खाली मान घालून उभा राहिलो. आजीचं काय चुकलं? पुढ्यात आलेल्या वाक्याचा जो सरळ अर्थ निघतो तो तिनं काढला. चूक त्या वाक्याची होती, आणि वाक्य माझ्या नावानं छापलेलं होतं. मी कल्पित काही लिहिलं नव्हतं. फक्त एक साधी गोष्ट लिहिली नव्हती, आणि तिच्या जागी एक कल्पित गर्दी आपोआप येऊन उभी राहिली होती. त्या दिवशी मला कळलं, की माहिती गाळली तर जागा रिकामी राहत नाही. तिथे गोष्ट शिरते. आणि ती बहुधा उठवणाऱ्याच्या सोयीची असते.

साध्या, खऱ्या लेखनाशी माझं भांडण इतकी वर्षं मला शैलीचं वाटत होतं. कोरडं लिहवत नाही, हात आखडतो, एवढंच. पण ते तेवढंच नव्हतं. साधं वाक्य लिहायला लेखकाला वाक्याच्या मागे उभं राहावं लागतं. अलंकारात लपता येतं. "दगडही द्रवले" असं लिहिलं, की कोणी विचारत नाही कोणी कोणाला मारलं. साध्या वाक्यात लपायला जागाच नसते.

आता औंढ्याजवळ, दुधाळ्याच्या परिसरात, एक वेगळंच बांधकाम व्हायचं आहे. त्याचं नाव लायगो. गुरुत्वीय लहरी टिपणारी ही प्रयोगशाळा आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं २०१६ मध्ये तिला तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर केला. काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी चार किलोमीटर लांब. लहर आली की त्या भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या जाडीच्याही हजाराव्या हिश्शाहून कमी फरक पडतो. तो मोजायचा. अशी लहर पहिल्यांदा सापडली १४ सप्टेंबर २०१५ ला, अमेरिकेतल्या दोन ठिकाणी, सात सहस्रांश सेकंदांच्या अंतरानं. एकाच ठिकाणी दिसली असती तर एवढ्या ठामपणे सांगता आली नसती. दोन साक्षी जुळल्या. तरीही शास्त्रज्ञांनी जगाला सांगितलं ते ११ फेब्रुवारी २०१६ ला. पाच महिने ते तपासत होते, की आपण ऐकलं ते खरं, की आपल्याला ऐकायचं होतं म्हणून ऐकू आलं. हे वाचलं तेव्हा मला म्हाइंभट आठवले, एकाला विचारून मग दुसऱ्याला विचारणारे. आणि आमचे गुरुजी आठवले. जे गाव देऊळ फिरल्याच्या कथेसाठी ओळखलं जातं, ते उद्या जगात कदाचित सूक्ष्म मोजमापासाठी ओळखलं जाईल. दोन्ही ओळखी एका गावात सुखानं नांदू शकतात. अट एकच. कुठलं वाक्य 'आहे'चं आणि कुठलं 'मानतात'चं, हे विसरायचं नाही.

देऊळ फिरल्याची कथा मला आजही प्रिय आहे. नातवंडांना मी ती रंगवून सांगतो, दगडांची थरथरसुद्धा सोडत नाही. पण आता सुरुवात वेगळी करतो. पुस्तिकेतून जे गेलं ते मला परत आणता आलेलं नाही. म्हणून निदान इथे सांगतो, गुरुजींच्या पेन्सिलीतून उतरलेलं, जसंच्या तसं:

नामदेव देवळात भजन करत होते. त्यांच्या नावावरची पदं सांगतात, की पंड्यांनी त्यांना शूद्र म्हणून मारून उठवलं. ते आपली घोंगडी घेऊन देवळाच्या मागे जाऊन बसले आणि गात राहिले. देऊळ त्यांच्याकडे फिरलं, असंही पदं सांगतात. ते देऊळ औंढा नागनाथचं, असं परंपरा मानते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)